जपानी सासरी नववर्ष: मराठी सुना-जावयांसाठी मार्गदर्शन

जपानने १८७३ साली ग्रेगोरियन दिनदर्शिका स्वीकारली आणि तेव्हापासून तिथले नववर्ष १ जानेवारीला सुरू होते. परंतु पुण्या-मुंबईत आपण ज्याला ‘थर्टी फर्स्ट’ म्हणतो, त्याचा या सणाशी फारसा संबंध नाही. शोगात्सु म्हणजे जपानी नववर्ष हा घरी बसून, कुटुंबासह आणि बऱ्याच अंशी शांतपणे करायचा सण आहे; आतषबाजीचा मोसम तिथे उन्हाळ्यात असतो. जपानी व्यक्तीशी विवाह केलेल्या, किंवा जपानी मित्राच्या गावी नववर्षासाठी बोलावणे आलेल्या मराठी माणसाला या सणात सर्वांत अवघड जाते ते त्याचे वेळापत्रक. जे करायचे ते जवळजवळ सारे डिसेंबरमध्ये उरकायचे असते आणि १ जानेवारीला शक्यतो काहीच करायचे नसते. म्हणून या मार्गदर्शनाचा मोठा भाग डिसेंबरविषयी आहे.

डिसेंबरच्या सुरुवातीला बोलून घ्यायच्या गोष्टी

पहिली गोष्ट प्रवासाची. शिनकान्सेन या बुलेट ट्रेनची आसने प्रवासाच्या एक महिना आधी सकाळी १० वाजता खुली होतात, आणि २९-३० डिसेंबरच्या गाड्या लवकर भरतात. वर्षअखेरीच्या गर्दीत तोक्योहून पश्चिमेकडे जाणाऱ्या तोकाइदो-सान्यो मार्गावरच्या जलद नोझोमी गाड्या २०२३ च्या अखेरीपासून पूर्णपणे आरक्षित चालवल्या जाऊ लागल्या आहेत, त्यामुळे आयत्या वेळी विनाआरक्षित डब्यात उभे राहून जाऊ हा जुना उपाय त्यांच्या बाबतीत आता चालत नाही.

दुसरी गोष्ट आहाराची, आणि इथे संकोच उपयोगाचा नाही. शाकाहारी व्यक्तीने ‘मी शाकाहारी आहे’ एवढेच सांगितले तर बहुतेक घरांत त्याचा अर्थ ‘मांस खात नाही’ असा घेतला जातो, आणि मासे तर सोडाच, माशापासून काढलेले दाशी हे सारही कोणाच्या लक्षात येत नाही. दाशी बहुधा कात्सुओबुशी म्हणजे वाळवलेल्या बोनिटो माशाच्या किसापासून करतात, आणि ते सोबा या कुट्टूच्या शेवयांच्या रश्शापासून उकडलेल्या भाज्यांपर्यंत सर्वत्र असते. म्हणून काय चालत नाही त्याची नावे घेऊन यादी द्यावी: मांस, मासे, कात्सुओबुशी, आणि अंडी चालत नसतील तर अंडी. त्यानंतर लगेच काय चालते तेही सांगावे. कोम्बु हे समुद्री शेवाळ आणि वाळवलेले शिइताके अळंबे यांचे दाशी पूर्ण शाकाहारी असते, आणि बौद्ध मठांतल्या शोजिन स्वयंपाकात तेच वापरतात. ‘शोजिन पद्धतीचे दाशी’ असे म्हटले की वयस्कर सासूबाईंना नेमके काय करायचे ते बहुधा लगेच कळते. पती किंवा पत्नीने हा निरोप फोनवर दिलेला बरा. सुनेने किंवा जावयाने स्वतः सांगितल्यास यजमान अवघडतात आणि मग गरजेपेक्षा चौपट तयारी करतात. हे सारे डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात व्हावे, कारण तयार ओसेचीची, म्हणजे पेट्यांत भरलेल्या नववर्षाच्या पारंपरिक जेवणाची, मागणी दुकानात त्याच्याही आधी नोंदवली गेलेली असते.

तिसरी गोष्ट नाजूक आहे. त्या वर्षात जवळच्या नात्यात कोणाचा मृत्यू झाला असेल, तर ते घर मोचू म्हणजे शोकपाळणीत असते. अशा घरी दारावर सजावट लावत नाहीत, नववर्षाची पत्रे पाठवत नाहीत, आणि त्यांना ‘ओमेदेतो’ म्हणजे अभिनंदन या शब्दाने शुभेच्छा देत नाहीत. मृत्यूनंतर वर्षभर सण न करण्याची रीत महाराष्ट्रातही अनेक घरांत पाळली जाते, त्यामुळे यातला भाव आपल्याला समजावून सांगावा लागत नाही. लक्षात ठेवायचे एवढेच की हा नियम दोन्ही बाजूंना लागतो. भारतात आपल्या आई किंवा वडिलांचे निधन झाले असेल, तर जपानी सासरची माणसे आपल्यालाही मोचूत धरतील, म्हणून ती बातमी त्यांना वेळेवर कळलेली असावी. शोकपाळणीतली कुटुंबे तशी सूचना देणारे साधे पत्र डिसेंबरच्या आरंभापर्यंत पाठवतात. ते आल्यास त्या घराचे नाव आपल्या पत्रांच्या यादीतून त्या वर्षापुरते वगळावे.

पत्रे आणि पाकिटे

नेंगाजो म्हणजे नववर्षाचे पोस्टकार्ड. टपाल खाते ही कार्डे १५ डिसेंबरपासून स्वीकारते, आणि २५ तारखेपर्यंत पेटीत टाकलेली कार्डे १ जानेवारीला सकाळी घरपोच करण्याचा प्रयत्न करते. तोवर ती साठवून ठेवली जातात. ऑक्टोबर २०२४ पासून पोस्टकार्डाचा दर ६३ येनवरून ८५ येन झाला. ही प्रथा झपाट्याने आटत आहे: २००४ च्या नववर्षासाठी ४४० कोटींहून अधिक कार्डे छापली गेली होती, तर २०२५ साठी सुरुवातीला सुमारे १०७ कोटी. यापुढे कार्डे पाठवणार नाही असे शेवटच्या कार्डात नम्रपणे कळवणारेही आता पुष्कळ आहेत. तरीही सासू-सासरे, त्यांची भावंडे आणि विवाहात उपस्थित असलेले वडीलधारे यांना कार्ड पाठवावेच, असे माझे मत आहे. छापील मजकुराखाली हाताने लिहिलेल्या दोन ओळी हव्यात, मग अक्षर कितीही वेडेवाकडे असो. मोठ्यांना पाठवायच्या कार्डावर ‘किंगा शिन्नेन’ (नववर्षाच्या सादर शुभेच्छा) यासारखी चार चित्राक्षरांची शुभेच्छा निवडावी. दोन अक्षरांची संक्षिप्त शुभेच्छा बरोबरीच्यांसाठी किंवा लहानांसाठी असते.

मुलांना द्यायच्या पैशांना ओतोशिदामा म्हणतात. ते पोचिबुकुरो नावाच्या लहानशा पाकिटात घालून देतात आणि नोटा कोऱ्या असाव्यात अशी अपेक्षा असते. बँका ३१ डिसेंबर ते ३ जानेवारी बंद असतात, म्हणून ३० तारखेच्या आधी, खरे तर त्याहूनही पुष्कळ आधी, नोटा बदलून घ्याव्यात. नोटेची चित्राची बाजू आत ठेवून तिची तीन समान घड्यांत घडी घालावी. रक्कम स्वतःच्या मनाने ठरवू नये. साधारणपणे शाळेत न जाणाऱ्या मुलाला १,००० येन किंवा त्याहून कमी, प्राथमिक शाळेतल्या मुलाला १,००० ते ५,००० आणि त्यापुढच्यांना ५,००० ते १०,००० येन देतात. परंतु दीर-नणंदांनी किंवा मेहुणा-मेहुणींनी आपसांत काही आकडा ठरवलेला असतो, आणि आपण त्याहून जास्त दिले तर पुढच्या वर्षी सगळ्यांना वाढवावे लागते. ४ आणि ९ हे आकडे अशुभ मानतात, म्हणून ४,००० किंवा ९,००० देऊ नयेत. आपल्याकडे आलेल्या पाहुण्याला त्याचे वय न पाहता पाकीट देण्याची सवय असते. जपानमध्ये वरिष्ठांच्या मुलांना असे पैसे देणे औचित्याला सोडून मानले जाते, त्याऐवजी त्यांना पुस्तक किंवा मिठाई द्यावी.

झाडलोट आणि सजावट

वर्षअखेरीच्या साफसफाईला ओसोजी म्हणतात. दिवाळीच्या आधी घर घासून काढण्याची सवय असलेल्या माणसाला तिच्यात नवल वाटणार नाही. १३ डिसेंबर हा तिचा पारंपरिक मुहूर्त आहे, पण नोकरदार घरांत ती २८ तारखेच्या आसपास, सुट्टी लागल्यावर होते. आधी कामिदाना हा शिंतो देव्हारा आणि बुत्सुदान हा पूर्वजांचा बौद्ध देव्हारा स्वच्छ करतात, मग खोल्या, आणि स्वयंपाकघरातला तेलकट झालेला धूर ओढणारा पंखा राहिलेला असतो तो शेवटी. हा पंखा पुढे होऊन मागून घ्यावा. त्याच्या वाट्याला जायला कोणी तयार नसते आणि भाषा फारशी न येताही हे काम करता येते. देव्हाऱ्यांना मात्र सांगितल्याशिवाय हात लावू नये. शोजी या कागद लावलेल्या सरकत्या दारांची दुरुस्तीही याच दिवसांत करतात आणि मुलांना आधी जुना कागद फाडायची मुभा असते.

सजावटीची तारीख पाळली जाते. प्रवेशद्वारापाशी पाइन व बांबूचे कादोमात्सु, दारावर भाताच्या पेंढ्याचे शिमेकाझारी आणि घरात एकावर एक ठेवलेल्या दोन गोल मोचींवर, म्हणजे कुटलेल्या चिकट भाताच्या गोळ्यांवर, संत्र्याच्या जातीचे फळ ठेवून मांडलेला कागामी मोची, हे सारे बहुधा २८ डिसेंबरपर्यंत लावून होते. २९ तारीख नऊच्या आकड्यामुळे टाळतात, आणि ३१ तारखेला लावणे म्हणजे देवाला एका रात्रीत उरकल्यासारखे होते असे मानतात; उशीर झालाच तर ३० तारीख उरते. शहरातल्या सदनिकेत स्वतःचा संसार असेल, तर दारावर एक लहान शिमेकाझारी आणि सुपरबाजारात मिळणारा प्लास्टिकच्या साच्यातला कागामी मोची एवढे पुरेसे आहे.

घरात पाऊल टाकताना

ओव्हरकोट दाराबाहेर काढून हातावर घ्यावा. गेंकानात, म्हणजे दाराच्या आतल्या खालच्या पातळीवर, बूट काढून वर चढावे, मग वाकून बुटांची टोके दाराकडे वळवून ते कडेला ठेवावेत. सपाता लाकडी फरशीपुरत्या असतात. तातामीच्या, म्हणजे विणलेल्या चटयांच्या जमिनीच्या, खोलीत शिरताना त्या बाहेर ठेवाव्यात, आणि शौचालयातल्या वेगळ्या सपाता तिथेच राहतील याची काळजी घ्यावी. तातामीच्या कापडी काठावर आणि दाराच्या उंबऱ्यावर पाय देऊ नये. उंबऱ्याचा संकेत आपल्याला लहानपणापासून असतो, तो इथे फुकट कामी येतो.

भेटवस्तू दारातच हाती देऊ नये. खोलीत बसल्यावर ती पिशवीतून काढून, पुढची बाजू यजमानांकडे करून दोन्ही हातांनी द्यावी आणि रिकामी पिशवी स्वतःकडे ठेवावी. वेगवेगळी वेष्टने असलेली मिठाई उत्तम, कारण ती आधी बुत्सुदानापुढे ठेवून मग वाटता येते. बुत्सुदान असलेल्या घरी चहापूर्वी तिथे नमस्कार करण्याची परवानगी मागावी. उदबत्ती लावणे, छोटी घंटा एकदा वाजवणे आणि हात जोडणे एवढेच असते, पण सासू-सासऱ्यांच्या मनात आपल्याविषयी जी जागा त्या एका मिनिटात तयार होते ती महागड्या भेटीने होत नाही. उदबत्तीची ज्योत फुंकून विझवू नये, हाताने वारा घालावा. सासू-सासऱ्यांना नावाने न हाकारता ‘ओकासान’ आणि ‘ओतोसान’ म्हणावे, आजीला ‘ओबाआसान’ व आजोबांना ‘ओजीसान’. मुले असलेल्या घरात सारेच मुलांच्या नात्याने बोलू लागतात आणि सासूबाईही आजी होतात.

न्हाणीघराविषयी एकच सांगायचे आहे. टबातले गरम पाणी सर्व कुटुंबासाठी असते, म्हणून टबाबाहेर बसून साबण लावून, पूर्ण धुऊन मगच त्यात उतरावे, आणि निघताना पाणी सोडू नये. पाहुण्याला पहिला मान देतात. तो एकदा नाकारून मग स्वीकारावा.

जावयांसाठी एक वेगळी सूचना. महाराष्ट्रात जावई म्हणजे पाटावर बसवायचा पाहुणा. जपानी सासुरवाडीत तशी अपेक्षा धरू नये. जुन्या वळणाच्या घरांत स्वयंपाकघर अजूनही बायकाच सांभाळतात आणि पुरुष दूरचित्रवाणीपुढे बसतात, परंतु भांडी पुसायला उठणाऱ्या परदेशी जावयाला कोणी अडवत नाही. सुनांनी स्वतःचा एप्रन सोबत न्यावा.

३१ डिसेंबर

संध्याकाळपर्यंत ओसेचीच्या पेट्या भरून तयार असतात. रात्री तोशिकोशी सोबा हे कुट्टूच्या पिठापासून केलेल्या शेवयांचे जेवण असते, आणि ते मध्यरात्रीपूर्वी संपवायचे असते. एनएचके वाहिनीवर लाल आणि पांढऱ्या संघांची गाण्यांची स्पर्धा चालू असते. ती १९५१ साली नभोवाणीवर सुरू झाली. गायकांपैकी कोणालाही ओळखत नसलो तरी तिथे बसून राहावे, कारण आजी-आजोबा, मुले आणि मधली पिढी एकत्र बसण्याची हीच वेळ असते. मध्यरात्रीच्या सुमारास बौद्ध मंदिरांतून १०८ टोल दिले जातात. मनुष्याच्या १०८ विकारांशी या संख्येचा संबंध जोडतात, आणि जपमाळेचे १०८ मणी मोजत वाढलेल्या माणसाला ती संख्या ओळखीचीच असते. काही मंदिरे भाविकांनाही टोल देऊ देतात; त्यासाठी आधी चिठ्ठी घ्यावी लागते.

बारा वाजेपर्यंत निरोप घेताना ‘योई ओतोशी ओ’ (येणारे वर्ष चांगले जावो) म्हणावे. ‘आकेमाशिते ओमेदेतो गोझाइमासु’ हे नववर्षाच्या अभिनंदनाचे वाक्य बारानंतरच. डिसेंबरमध्ये ते म्हटले तर मोठी माणसे हसून सोडून देतात, तरीही क्रम पाळलेला बरा.

१ जानेवारी

सकाळी सर्व जण स्वच्छ कपडे घालून जमतात आणि थोरला पुरुष वर्षारंभाचे दोन शब्द बोलतो. नंतर ओतोसो ही औषधी मसाले घातलेली साके एका पेल्यातून फिरते. अनेक घरांत सर्वांत धाकट्यापासून थोरल्याकडे जाण्याची रीत आहे. मद्य घेत नसल्यास पेला ओठांना लावून खाली ठेवावा. ओसेचीच्या जुबाको या चौकोनी पेट्यांत प्रत्येक पदार्थामागे काही इच्छा असते: काळे सोयाबीन आरोग्य आणि कष्टाळूपणासाठी, हेरिंग माशाची अंडी संततीसाठी, आणि आरपार भोके असलेला कमळकंद पुढचे नीट दिसावे यासाठी. शाकाहाऱ्याला काळे सोयाबीन, रताळे व चेस्टनटचे गोड कुरी किंतोन, आणि मुळा-गाजराचे आंबट नामासु बहुधा चालतात. दाते माकी हे पिवळे गोड गुंडाळे दिसायला निव्वळ अंड्याचे वाटते, पण त्यात माशाचा लगदा असतो; कोम्बुच्या गुंडाळ्यांतही अनेकदा हेरिंग असतो. दोन्ही टोके निमुळती असलेल्या काड्या मिळतील. त्यांचे एक टोक देवासाठी मानतात, म्हणून काडी उलटी करून त्या टोकाने वाढून घेऊ नये. काड्या भातात उभ्या खोवणे आणि एका काडीतून दुसऱ्या काडीत घास देणे हे अंत्यविधीचे प्रकार आहेत. ते वर्षभर टाळावेत आणि आज तर विशेष.

ओझोनी या मोचीच्या रश्शावरून जपानी घरांत खरे वाद होतात. तोक्योकडे चौकोनी भाजलेली मोची पारदर्शक रश्श्यात घालतात, तर क्योतो-ओसाकाकडे गोल मोची पांढऱ्या मिसोच्या, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या लगद्याच्या, रश्श्यात शिजवतात. पती-पत्नी दोन प्रदेशांतले असतील तर कोणत्या घरचा ओझोनी खरा, या चर्चेत परक्या माणसाने पडू नये आणि दोन्हींची तारीफ करावी. मोची अतिशय चिकट असते आणि दर वर्षी ती घशात अडकून मृत्यू होतात. तोक्योचे अग्निशमन खाते त्याविषयी इशारे देते. लहान मुलांना ती देऊ नये, वृद्धांच्या वाटीत बारीक तुकडे करून घालावे, आणि स्वतःही बोलता बोलता खाऊ नये.

या दिवशी केर काढणे, कपडे धुणे आणि मोठा स्वयंपाक टाळतात. मदतीच्या उत्साहात झाडू हाती घेऊ नये. आपल्या हातचे खिलवण्याची वेळ २ किंवा ३ जानेवारीला येते, कारण तोवर थंड, गोडसर ओसेची खाऊन सगळे कंटाळलेले असतात आणि करीचे नाव काढताच चेहरे खुलतात. तिखट अर्ध्याहून कमी करावे, हिंग-मोहरीच्या फोडणीच्या वेळी खिडकी उघडी ठेवावी. चकली मात्र आहे तशीच न्यावी. सेंबेई ही भाताची कुरकुरीत बिस्किटे खाणाऱ्यांना ती पहिल्या घासात आवडते, असा माझा अनुभव आहे.

देवदर्शन

वर्षातल्या पहिल्या दर्शनाला हात्सुमोदे म्हणतात आणि ते पहिल्या तीन दिवसांत करण्याचा प्रघात आहे. तोक्योतल्या मेइजी जिंगू या शिंतो देवळात या तीन दिवसांत सुमारे ३० लाख लोक येतात. गावातले लहान देऊळ मिळत असेल तर तेच पत्करावे. शिंतो देवळात ओगराळ्याने आधी डावा, मग उजवा हात धुवावा, डाव्या तळहातावर पाणी घेऊन चूळ भरावी. ओगराळे तोंडाला लावू नये. नाणे टाकल्यावर दोनदा वाकावे, दोनदा टाळी वाजवावी आणि शेवटी एकदा वाकावे. इझुमो येथील मोठ्या देवळात टाळ्या चार असतात. बौद्ध मंदिरात टाळी वाजवत नाहीत, नुसते हात जोडतात.

मराठी घरच्या मुलांना घेऊन जाण्यासारखी याहून वेगळी एक गोष्ट आहे ती म्हणजे सात भाग्यदेवतांची फेरी. शिचिफुकुजिन या सातांपैकी बेन्झाइतेन ही मूळची सरस्वती, दाइकोकुतेन हा महाकाल आणि बिशामोनतेन हा वैश्रवण म्हणजे कुबेर. नववर्षात साधारण ७ जानेवारीपर्यंत या सात ठिकाणी फिरून शिक्के गोळा करतात. तोक्योतल्या यानाका भागातल्या फेरीत उएनोच्या शिनोबाझु तळ्यातले बेन्झाइतेनचे देऊळ येते. आसाकुसाजवळच्या मात्सुचियामा शोदेन या मंदिराची मुख्य देवता कांगीतेन, म्हणजे गणपती, आहे. मूर्ती दर्शनासाठी उघडी नसते आणि नैवेद्य मोदकाचा नसून पांढऱ्या मुळ्याचा असतो. ७ जानेवारीला तिथे मुळ्याचा उत्सव भरतो. भाद्रपदात तोक्योत गणेशोत्सव करणाऱ्या मराठी कुटुंबांनी जपानी आजी-आजोबांना एकदा इथे सोबत न्यावे; आपण घरी कोणाची पूजा करतो हे त्यांना समजावण्याचा याहून सोपा मार्ग मला ठाऊक नाही.

मित्रमंडळी, आणि उरलेला जानेवारी

मित्रांशी भेटीगाठी या दिवसांत नसतात. त्यांच्यासाठी डिसेंबरमध्ये बोनेंकाई ही वर्षअखेरीची आणि जानेवारीत शिन्नेंकाई ही नववर्षाची मेजवानी असते. तिथे सर्वांचे पेले भरून ‘कांपाई’ (चिअर्स) होईपर्यंत थांबावे, दुसऱ्यांचे पेले भरावेत आणि मद्य नको असल्यास सरळ ऊलाँग चहा मागवावा. खर्च बहुधा सारखा वाटून घेतात, सुटे पैसे जवळ असावेत.

सासरहून परतल्यावर त्याच संध्याकाळी पोहोचल्याचा आणि आभाराचा फोन करावा. ज्यांना आपण कार्ड पाठवले नव्हते आणि ज्यांचे कार्ड आले, त्यांना ७ जानेवारीपर्यंत उत्तर जावे. त्यानंतर फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यातल्या रिश्शुनपर्यंत, म्हणजे पारंपरिक वसंतारंभापर्यंत, नववर्षाऐवजी थंडीतली विचारपूस करणारे पत्र लिहितात. ७ तारखेला सात हिरव्या पाल्यांची नानाकुसा-गायु ही पेज असते. सुपरबाजारात सातही पाले एका डब्यात मिळतात आणि शाकाहाऱ्याला ही सणातली सर्वांत निर्धास्त न्याहारी आहे. तोक्योकडे सजावट याच दिवशी उतरते, ओसाकाकडे १५ तारखेपर्यंत राहते. कागामी मोची अनेक ठिकाणी ११ जानेवारीला फोडतात. सुरी लावत नाहीत, हाताने किंवा लाकडी हातोडीने तुकडे करून ते अझुकी या लाल कडधान्याच्या गोड रश्श्यात घालतात. उतरवलेला शिमेकाझारी देवळात नेऊन द्यावा, तिथे तो विधिपूर्वक जाळतात.

आलेली नेंगाजो मात्र लगेच आवरून ठेवू नयेत. टपाल खात्याच्या कार्डांच्या तळाशी सोडतीचा क्रमांक असतो, सोडत जानेवारीच्या मध्यानंतर निघते, आणि १०० पैकी ३ क्रमांकांना तिकिटांचा संच मिळतो. तो पोस्टात जाऊन घ्यावा लागतो. क्रमांक पडताळतानाच पाठवणाऱ्यांचे बदललेले पत्ते टिपून ठेवले, तर पुढच्या डिसेंबरची यादी तयार असते.